साठीनंतरची सायकल

साठी उलटलेल्या गृहस्थाने नवी सायकल घेतली, की आमच्या सोलापुरात तीन तर्क निघतात. पहिला, पेन्शन अडकली असावी. दुसरा, डॉक्टरांनी सांगितले असावे. आणि तिसरा, जो फक्त पाठीमागे बोलला जातो, तो असा की म्हातारा चळला! माझ्या वाट्याला हे तिन्ही आले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने तर साखर मोजता मोजता हळूच विचारले, "काय ओ काका, स्कूटर विकली की काय?"

स्कूटर जिन्याखाली सुखरूप उभी आहे. सायकल मी घेतली ती सदुसष्टाव्या वर्षी, आणि घेतली ती हौसेने. परंतु दुकानदाराचा प्रश्न खोटा नव्हता. सायकल म्हणजे ओढगस्तीचे वाहन, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतकी मुरली आहे, की साठीनंतर तिच्यावर बसायला गुडघ्यांपेक्षा मनाची तयारी अधिक लागते.

भोंगा आणि घंटी

माझ्या लहानपणी हे गाव सायकलींवर चालत असे. नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांचा भोंगा झाला, पाळी सुटली, की रस्त्यावर काळ्या सायकलींचा लोंढा लागे. हँडलला जेवणाचा डबा, मागे कॅरिअर, चाकाला घासून चालणारा डायनामो. आम्ही पोरे तासाच्या भाड्याने सायकल आणायचो. मोठ्यांच्या त्या सायकलीवर सीटपर्यंत पाय पोचत नसत, म्हणून आडव्या नळीखालून पाय घालून आधी हाफ पॅडल, मग फुल पॅडल, मग नळीवर आणि शेवटी सीटवर, असा बढतीचा क्रम असे. कोपर न फोडता सायकल शिकलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही.

सोनिपतच्या अ‍ॅटलस कंपनीची सुरुवात १९५१ सालची, लुधियानाच्या हिरो सायकल्सची १९५६ ची. मामाने भाच्याला सायकल घेऊन देणे हा त्या काळी कौतुकाचा विषय होता. पुढे १९७२ साली लूना आली, मग स्कूटर आणि मोटारसायकली आल्या. घरात चार पैसे खेळू लागले की पहिली निवृत्त व्हायची ती सायकल. गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या आणि तो लोंढा ओसरला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. मौज अशी, की अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याला टाळे लागले ते २०२० सालच्या नेमक्या त्याच दिवशी!

हायब्रीड, पण ज्वारी नव्हे

मी घेतली ती हायब्रीड सायकल. 'हायब्रीड' म्हटले की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला १९६० नंतरच्या दशकात आलेली संकरित ज्वारी आठवते, आणि मालदांडीच्या भाकरीवर वाढलेला माणूस लगेच नाक मुरडतो. ही सायकलही संकरितच आहे. शर्यतीची सायकल हलकी आणि वेगवान, पण तिच्यावर ओणवे वाकून बसावे लागते. डोंगरी सायकल दणकट, पण तिचे जाड टायर डांबरी रस्त्यावर जड जातात. या दोघींचे गुण एकत्र करून १९८० च्या दशकात हा तिसरा प्रकार रूढ झाला. हँडल सरळ, पाठ जवळपास ताठ, चाक मोठे, टायर मध्यम रुंदीचा. कंबर आणि मान यांच्या तक्रारी सुरू झालेल्या माणसाला ही बैठक मानवते. वजनही जुन्या काळ्या सायकलीहून बरेच कमी.

खरा उपयोग आहे तो गियरचा. माझ्या सायकलीला पुढे तीन आणि मागे सात दातेरी चक्रे आहेत, म्हणजे हिशेबाने एकवीस गियर. नातवाला त्या आकड्याचे भारी कौतुक! मला त्यातले पाच-सहाच लागतात. नियम सोपा आहे: पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे असेल तर पाय हलका पडतो, चढ निघतो, उलट केले तर पॅडल जड होते, पण एका फेरीत अंतर अधिक तुटते. तरुणपणी आपण चढ आला की दातओठ खाऊन पॅडल दाबत असू. साठीनंतर तो सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. म्हणून गियर हलका ठेवायचा आणि पाय भराभर फिरवायचे, मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या. पायाला पॅडल लोण्यासारखे लागले पाहिजे. उड्डाणपुलाचा चढ आला की तो सुरू होण्याआधीच गियर उतरवावा. अर्ध्या चढावर जोर देत बदलू गेले की साखळी कुरकुरते.

सीटच्या उंचीबाबत आपल्याकडे एक सार्वत्रिक खोड आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून लोक सीट खाली घेतात. मग गुडघे पोटाशी येतात आणि आठ दिवसांत दुखू लागतात. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, एवढी सीट वर हवी. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, ही सवय आठवड्याभरात होते.

प्रकृतीचा हिशेब

आता डॉक्टरांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की पासष्टीच्या पुढच्या माणसांनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोज अर्ध्या तासाची फेरी, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात खालचा आकडा पुरा होतो. मध्यम श्रम ओळखायचे कसे? चालवताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलस्वार तपासले आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही मंडळी वर्षानुवर्षे नेमाने सायकल चालवणारी. वयाबरोबर स्नायू झडतात, तसे त्यांचे झडले नव्हते. आणि रोगप्रतिकारासाठी लागणाऱ्या विशिष्ट पेशी त्यांच्या शरीरात तरुणांच्या तोडीने तयार होत होत्या.

फ्रान्समधले रोबेर मार्शां यांची हकीकत तर कादंबरीत शोभावी. जन्म १९११ चा. सायकल पुन्हा नेमाने हाती धरली ती साठीच्या पुढे. शंभर वर्षे पुरी झाल्यावर, २०१२ साली, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर काटले. मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सराव करून २०१४ साली, म्हणजे एकशे दुसऱ्या वर्षी, तेच अंतर जवळजवळ २७ किलोमीटरांवर नेले! २०२१ साली ते वारले तेव्हा १०९ वर्षांचे होते. आपल्याला असे विक्रम करायचे नाहीत. पण शंभरीनंतरही शरीर शिकवलेले ऐकते, एवढा धीर त्यातून घ्यावा.

सायकल म्हणजे संजीवनी मात्र नव्हे. शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे सांध्यांना आराम मिळतो, पण त्याच कारणाने हाडे बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणे आणि थोडी वजने उचलणे हवेच. छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब असे काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. माझी स्वतःची साखर थोडी उतरली, झोप लागू लागली. गोळी चालूच आहे.

वारा, ऊन आणि सराटे

सोलापूरची जमीन पठाराची, चढ-उतार बेताचे. साठीच्या माणसाला गाव सोयीचे आहे. भल्या पहाटे भुईकोट किल्ल्यावरून सिद्धेश्वर तलावाच्या कडेने निघावे, तर पाण्यातले मंदिर डोळ्यांदेखत उजळत जाते. विजापूर रस्त्याला संभाजी तलाव आहे. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. अंगात बळ आले की तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याचा तलाव गाठता येतो. बार्शी रस्त्याने नान्नजचे माळढोक अभयारण्य सुमारे वीस किलोमीटर. माळढोक दिसणे आता भाग्याचे, पण काळविटांचा कळप माळावर भेटतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. नाशिकची मंडळी तिथवर सायकलवारी करतात, तर आपण निदान गावाची वेस का ओलांडू नये?

वैरी तीन. एक ऊन: चैत्र-वैशाखात साडेसातला घरी परतलेच पाहिजे. दुसरा वारा: आषाढात तो माळावरून असा येतो की हलका गियरही जड वाटतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि दमल्यावर त्याला पाठीशी घेऊन यावे. तिसरा सराटा: रस्त्याच्या कडेला उतरलात की ट्यूब बसलीच समजा. एक जादा ट्यूब आणि लहान पंप जवळ असावा. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा आणि हँडलला आरसा या तीन गोष्टींवर काटकसर करू नये. मान पूर्वीसारखी वळत नाही, ती उणीव आरसा भरून काढतो.

चाक तेच

मला पाहून आमच्या घरातही एक नवा विद्यार्थी तयार झाला. "अहो, मला शिकवाल?" असे सौभाग्यवतींनी बासष्टाव्या वर्षी विचारले. माहेरी मुलींना सायकल वर्ज्य होती. भाऊ शिकले, ही दारात उभी राहून पाहत राहिली. तिच्यासाठी पुढची नळी खाली असलेली सायकल आणली, पॅडले काढून टाकली आणि सीट अगदी खाली घेतली. मैदानात पायांनी रेटत रेटत आधी तोल शिकायचा. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी बनवलेल्या पहिल्या दुचाकीला तरी पॅडले कुठे होती! तीन आठवड्यांनी पॅडले चढवली आणि सीट वर घेतली. महिन्याने ती एकटी मंडईत जाऊन मेथी आणि शेपू घेऊन आली. घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "रिक्षावाल्याशी हुज्जत वाचली." पण तिला काय मिळाले हे आम्हा दोघांनाही कळले होते.

आमच्या रोजच्या वाटेवर पूर्व भागातले एक काका भेटतात. उभा जन्म यंत्रमागावर गेला. आता रात्रीची राखणदारी करून ते सकाळी आपल्या जुन्या काळ्या सायकलवरून घरी जातात. वय माझ्याहून दोन-तीन वर्षांनी अधिकच. साखळीला तेल किती घालावे, ते पुसून कसे काढावे, हे मला त्यांनीच दाखवले. एकदा मी उत्साहाने सायकलचे आरोग्यदायी गुण सांगू लागलो. ते हसले. "साहेब, तुम्ही फिरायला चालवता, आम्ही कामाला. चाक तेच ओ!"

त्या दिवसापासून मी व्यायामाचे व्याख्यान माणूस पाहून देतो. मला हौस म्हणून सुरक्षित रस्ता हवा आहे. काकांना तो पोटासाठी हवा आहे, आणि त्यांचा हक्क आधीचा आहे. आपल्यासारखी पांढरपेशी, पेन्शनर मंडळी मोठ्या संख्येने सायकलवर दिसू लागली, तर रस्त्याच्या कडेचे खड्डे आणि आडव्या उभ्या केलेल्या गाड्या यांबद्दल बोलणारे आवाजही वाढतील. सायकल हे गरिबीचे चिन्ह आहे ही समजूतही तेव्हाच पुसेल.

वाचकहो, फराळाचा डबा आता अर्धा झाला असेल. हवाही गार पडू लागली आहे. सोलापुरात सायकल सुरू करायला याहून चांगला मोसम नाही. माळ्यावर मुलाची जुनी सायकल असेल तर ती उतरवा, दुकानात नेऊन ब्रेक आणि टायर बघून घ्या, सीट नीट उंचीवर करून घ्या. पहिले आठ दिवस वीस मिनिटे पुरेत. कुणी विचारलेच, स्कूटर विकली का, तर घंटी वाजवून पुढे निघा.