संगमेश्वरातील शेतीसंरक्षक बंदुका व वंगणाची निवड

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वराच्या परिसरात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. भात पोटरीस येऊ लागले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणार्थ बाळगावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. वन्य प्राण्यांच्या शिकारीवर १९७२ च्या अधिनियमाचे निर्बंध असल्याने जनावरे आवाजाने पिटाळणे, हा तिचा एक प्रमुख उपयोग होय. ऐन वेळी बार उडाला नाही तर रात्रभराची राखण व्यर्थ जाते. गंजाने क्षीण झालेली नळी फुटली तर चालविणाऱ्याच्या जिवावर बेतते. तेव्हा अशा बंदुकीस तेल द्यावे की ग्रीज, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

वंगणाची कार्ये दोन : घर्षण कमी करणे व धातूचे रक्षण करणे. सतत फिरणाऱ्या आसात तेलाचा जाड थर आपोआप निर्माण होतो व दोन्ही पृष्ठभाग एकमेकांपासून अलग राहतात. घोडा व चाप यांची हालचाल मात्र क्षणिक आणि अत्यल्प अंतराची असते. तेथे जाड थर निर्माण होत नाही. धातूस चिकटून राहिलेला रेणूंचा पातळ थरच काय तो कामी येतो. हार्डी व डबलडे यांनी १९२२ मध्ये या प्रकारास ‘सीमावर्ती वंगण’ अशा अर्थाचे नाव दिले. यावरून असे दिसते की, घोड्याच्या खिळीस तेलाचा एखादा थेंब पुरतो. अधिक तेल घातल्याने घर्षण अधिक कमी होत नाही. त्यावर धूळ व दारूचा मळ मात्र साचतो.

संगमेश्वरासारख्या ठिकाणी रक्षणाचे कार्य अधिक महत्त्वाचे ठरते. हवेची सापेक्ष आर्द्रता एका विशिष्ट मर्यादेपलीकडे, सामान्यतः ६० ते ७० टक्क्यांपुढे, गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, हे व्हर्नन यांच्या प्रयोगांनी १९३० नंतरच्या दशकात दाखविले. कोकणातील पावसाळी हवा ही मर्यादा सहज ओलांडते. त्यात दारूच्या अवशेषांची भर पडते. सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन पदार्थांच्या रूपाने उरते. त्यातील पोटॅशियम कार्बोनेट सुमारे ४३ टक्के आर्द्रतेतही हवेतील पाणी शोषून चिघळते. जुन्या पद्धतीच्या केपेतील क्लोरेटापासून उत्पन्न होणारे पोटॅशियम क्लोराइड सुमारे ८४ टक्क्यांस चिघळते. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून मळलेल्या नळीस नुसते तेल चोळणे म्हणजे क्षार तेलाखाली झाकून ठेवणे होय. बंदूक भरलेली नाही याची खात्री करून नळी प्रथम कढत पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच वंगण लावावे, हा क्रम रसायनशास्त्रानेच ठरवून दिलेला आहे.

आता तेलाच्या जातीचा विचार. खोबरेल कोकणात घरोघर असते. त्याचे आयोडीन मूल्य ७ ते १० इतके अल्प असल्यामुळे ते हवेत सुकून चिकट होत नाही. परंतु ओलाव्याने त्याचे विच्छेदन होऊन मुक्त वसाम्ले निर्माण होतात व पितळी भागांवर हिरवा कळंक चढतो. शिवाय सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते थिजते. हिवाळ्यातील पहाटे घोडा जड चालण्यास एवढे कारण पुरेसे आहे. जवसाच्या तेलाचे आयोडीन मूल्य १७० च्या पुढे असते. ते ऑक्सिडीभवनाने सुकून कठीण पापुद्रा बनते. म्हणून ते लाकडी दस्त्यास उत्तम, पण यंत्रणेस सर्वथा अयोग्य. शुद्ध खनिज तेलात हे दोन्ही दोष जवळजवळ नसतात. मात्र नुसत्या खनिज तेलाचा थर ओघळून पातळ होतो व त्यातून पाणी हळूहळू धातूपर्यंत पोहोचते. यास्तव गंजरोधक द्रव्ये मिसळलेले पातळ खनिज तेल श्रेयस्कर ठरते.

ग्रीज म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. सोडियम साबणाचे ग्रीज पाण्याने विरघळू लागते. कॅल्शियम किंवा लिथियम साबणाचे पाण्यास दाद देत नाही. ग्रीज ओघळत नसल्याने दीर्घ साठवणीस ते योग्य होय. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागण्याचे प्रसंग येतात, आणि तेव्हा बंदूक कित्येक आठवडे मालकाच्या देखरेखीबाहेर राहते. अशा वेळी ग्रीजचा पातळ लेप उपकारक ठरतो. परंतु तोच लेप नळीत ठेवून बार काढणे धोक्याचे आहे. अडथळ्यामुळे दाब वाढून नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा संभव असतो. केपेखालील छिद्रात वंगण शिरल्यास बार फुकट जातो, हे निराळेच.

सारांश, तेल व ग्रीज यांपैकी एकच सर्वकाळ श्रेष्ठ असे नाही. वापरात असलेल्या बंदुकीस पातळ खनिज तेल, तेही अल्प. बंद ठेवावयाच्या बंदुकीस जलरोधक ग्रीज. आणि बार भरण्यापूर्वी नळी व केपेचे छिद्र पुसून कोरडे. मात्र क्षार धुतलेले नसतील तर यांपैकी कोणतेही वंगण नळीचे रक्षण करू शकत नाही. कोकणच्या हवेत वंगणाच्या निवडीआधी पाण्याच्या वापराचा विचार करावा लागतो, तो याच कारणाने.