शेवळ, नागली आणि प्रोटीनचा डबा

आहाराविषयीच्या कोणत्याही दाव्यात एक तुलना दडलेली असते. अमुक पदार्थ गुणकारी आहे असे म्हणताना तो तमुक पदार्थापेक्षा, अमक्या शरीराला, अमक्या मुदतीत गुणकारी आहे असे म्हणायचे असते. पण दावा तोंडोतोंडी पसरू लागला की सर्वांत आधी ही तुलनाच गळून पडते आणि हाती नुसते विशेषण उरते. ही गळती पाहायची तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सोयीचे आहेत, कारण येथे वजन उतरवण्याच्या विवंचनेत असलेला बाजारपेठेतील मधुमेही दुकानदार आणि अंगणवाडीत दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरल्यामुळे तीव्र कुपोषित ठरलेले पाड्यावरचे मूल यांच्यात फार तर काही मैलांचे अंतर असते. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी शहापुरातून मुंबईकडे उतरते, तर मुंबईचे आहारसल्ले मोबाइलवरून उलट दिशेने वर चढतात आणि दोघांच्याही घरी सारख्याच खात्रीने पोहोचतात.

बाहेरून येणाऱ्या सल्ल्यांआधी येथे जे ज्ञान होते तेही पुराव्यावरच उभे आहे, मात्र तो पुरावा एका विशिष्ट जातीचा आहे. पहिल्या पावसासरशी जंगलात उगवणारे शेवळ ही सुरणाच्या कुळातील वनस्पती असून तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि नीट न शिजवलेले शेवळ खाल्ल्यास ते जीभ व घसा खवखवून सोडतात. म्हणून ठाकूर, कातकरी व महादेव कोळी घरांतील बायका शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकड नावाची आंबट रानफळे घालून भाजी चांगली शिजवतात. कडू कांद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाल्ला जातो, त्यामागेही असाच अनुभव आहे. ज्या चुकीची शिक्षा तासाभरात मिळते ती चूक परंपरा फार अचूक टिपते. ज्या परिणामाला वीस वर्षे लागतात, किंवा जो शंभरातल्या पाचच जणांत दिसतो, तो मात्र कितीही जाणत्या आजीच्या नजरेतून निसटतो, कारण तिच्यासमोर ते न खाणारा दुसरा गट कधी उभाच नसतो. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या रानभाजी महोत्सवात भाजी कशी निवडावी व शिजवावी याची माहिती निःशंकपणे घ्यावी, पण त्याच भाजीपुढे कर्करोग किंवा मधुमेहावर गुणकारी अशी पाटी दिसली तर ते ज्ञान भाजी खुडणाऱ्या बाईचे नसून पाटी लिहिणाऱ्याचे आहे, हे ओळखावे.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकणाऱ्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, उदाहरण याहून बोलके आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून नागलीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असते हे वाक्य सर्वतोमुखी झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम आणि तितक्याच गायीच्या दुधात सुमारे ११८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा आकडा खोटा नाही. पण तो कोरड्या धान्याची पातळ द्रवाशी तुलना करून मिळालेला आकडा आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, २०० मिलिलिटर दुधाच्या पेल्यातून सुमारे २३५. शिवाय नागलीतील फायटेट, म्हणजे धान्याच्या कोंड्यात असणारे आणि खनिजांना बांधून ठेवणारे द्रव्य, त्या कॅल्शियमचा काही भाग आतड्यापर्यंत जाऊनही रक्तात उतरू देत नाही. नागली भिजवून, मोड आणून सत्त्व काढण्याच्या जुन्या रीतीत हे फायटेट कमी होते. आता हीच भाकरी भाताशेजारी ठेवून पाहावी: पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे नागली त्याच्या जवळजवळ पन्नास पट भरते. ज्या ताटात दूध येतच नाही आणि नागलीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली आहे, त्या ताटापुरता खरा प्रश्न दुधाचा नसून तांदळाचा आहे, आणि जाहिरातीतील तिप्पटीपेक्षा हा न सांगितला जाणारा पन्नास पटीचा फरक कितीतरी मोलाचा आहे.

पौष्टिक वाटणाऱ्या गोष्टीची कसोटी कशी लावावी, याचा महाराष्ट्रातील एक धडा गरोदर स्त्रियांच्या आहारासंबंधीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची पाहणी केली, तेव्हा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः मोठी असल्याचे दिसले. येथेच थांबून फलक रंगवता आला असता. परंतु जिच्या घरी दूध आहे तिच्या घरी म्हैस आहे, बहुधा थोडी जमीनही आहे, आणि कदाचित तिला सातव्या महिन्यात लावणीच्या चिखलात वाकावे लागत नाही. बाळाचे वजन पालेभाजीने वाढले की म्हशीने, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. म्हणून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून ‘सारस’ हा प्रयोग करण्यात आला, ज्यात साडेसहा हजार स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोडून दोन गटांत विभागणी झाली. दैवाने केलेल्या अशा विभागणीत म्हशी, जमिनी आणि समजूतदार सासवा दोन्हीकडे सारख्याच वाटल्या जातात, हे तिचे मर्म. एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ, तर दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा खाऊ, कार्यकर्त्यांच्या समोर खायला देण्यात आला.

निकाल २०१४ मध्ये आला तो कोणत्याच बाजूच्या उत्साहाला सोयीचा नव्हता. सर्व स्त्रिया धरल्या तर बाळांच्या सरासरी वजनात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही; गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत तो सुमारे ४८ ग्रॅमचा होता, आणि सर्वांत किडकिडीत स्त्रियांना लाभ दिसला नाही. मात्र तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. पालेभाजी फुकट गेली असा याचा अर्थ मुळीच नाही. आधीच पोटभर न जेवणाऱ्या स्त्रीला मूठभर पालेभाजीने भागत नाही, असा अर्थ काढणे अधिक सयुक्तिक ठरते, आणि राज्याच्या आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना गोळी किंवा भुकटी न देता एक वेळचे चौरस जेवण दिले जाते, ही योजनेची मांडणी त्याच्याशी सुसंगत आहे.

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळाच वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेला, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला एकीकडे, आणि दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाण्याचा ऋजुता दिवेकर यांचा सल्ला दुसरीकडे, असे घराघरांत तट पडले. खाण्याची वेळ आवळल्याने नेमके काय होते हे चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर तपासले गेले. दोन्ही गटांनी उष्मांक सारखेच कमी केले, पण एका गटाने ते आठ तासांतच खाल्ले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक. थोडक्यात, घड्याळापेक्षा एकूण खाणे कमी झाले की नाही याला महत्त्व होते, आणि ज्याला दोनदाच जेवण्याची शिस्त लावल्याने कमी खाणे साधते त्याने ती पाळायला हरकत नाही. पण दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारे कातकरी कुटुंब बहुधा दोनदाच जेवते, आणि त्याला तो सल्ला कोणी दिलेला नसतो.

तरुणांपुढचा मोह निराळा आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून किन्हवली-सरळगाव पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात आणि त्यांपैकी काहींच्या खोलीत दोन-तीन हजारांचा प्रोटीनचा डबा असतो. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्यांवरील अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना वाढीव लाभ आढळला नाही. आता ताटाचा हिशेब करावा: दिवसभराच्या भाताचे ३०० ग्रॅम तांदूळ २४ ग्रॅम प्रथिने देतात, ७५ ग्रॅम तूरडाळ १६, दोन अंडी १३ आणि २५ ग्रॅम सुके बोंबील सुमारे १५, मिळून ६८ ग्रॅम. डब्यातील एक मोठा चमचा २४ ग्रॅमचा दावा करतो, पण तोही दावाच. देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत जवळपास ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात असे म्हटले आहे. ज्या मुलाच्या ताटात डाळ पातळ आणि अंडे आठवड्यातून एकदाच आहे त्याला प्रथिने कमी पडतात हे खरेच, फक्त तेवढ्याच पैशांत घरात बरेच दिवस पुरेल इतकी डाळ, अंडी आणि सुकट येऊ शकते.

दिवसाला दहा हजार पावले हा आकडा तर प्रयोगशाळेतून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नाव होते. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या अभ्यासात २,७०० ऐवजी ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण कमी दिसले आणि ७,५०० च्या आसपास लाभ थांबला, अर्थात ही पुन्हा पाहणीच होती आणि आजारी माणूस मुळातच कमी चालतो. शहापूरच्या दुकानदाराला यातून दिलासा मिळू शकतो. धरणांच्या याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या किंवा विहिरीच्या तळाशी उतरणाऱ्या बायकांची पावले कोणी मोजत नाही, आणि मोजली तरी त्या यंत्रात डोक्यावरच्या हंड्याचे वजन धरण्याची सोय नाही.