भाताच्या मुळाची दारे

पेशीपटलावर लिहायचे म्हटले की आपल्याकडचे लेखक मेदाच्या दुहेरी थरापाशीच घुटमळतात. गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी त्या थरात तरंगती प्रथिने मांडली. मधल्या वादांत आता राम उरलेला नाही.  माझा हेका जुनाच आहे : थर आडवा येतो, पेशीचा कारभार चालतो तो प्रथिनांच्या दारांवर. ती समजून घ्यायला मावळातले भातखाचर पुरेसे आहे.

नवलाख उंबऱ्याकडे कापणीला उतरलात तर भाताची पात हातावर बारीक ओरखडे काढते. ती धार सिलिकाची. भाताच्या सुक्या वजनात तिचा वाटा दहा टक्क्यांपर्यंत जातो. जमिनीतल्या पाण्यात ती सिलिसिक आम्ल म्हणून विरघळलेली असते, विद्युतभाराविना. तेव्हा ती पाण्यासोबत आपसूक वर चढते, असे आमच्यातले काही विद्वान ठासून सांगत. मग त्याच पाण्यावर वाढणारा टोमॅटो सिलिका जेमतेमच का घेतो, याला त्यांच्याकडे उत्तर नसे.

उत्तर २००६ मध्ये जपानमधून आले. ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि त्यांचे सहकारी यांनी भाताच्या मुळात एलएसआय-१ हे प्रथिन शोधले. पीटर ॲग्रे यांनी शोधलेल्या पाण्याच्या वाटांच्याच कुळातले. ते मुळाच्या अंतस्त्वचेतल्या पेशींच्या फक्त बाहेरच्या अंगाला असते. पुढच्याच वर्षी एलएसआय-२ सापडले, त्याच पेशींच्या आतल्या अंगाला. पेशींमधल्या फटी कॅस्पेरियन पट्टीने बुजलेल्या, म्हणजे आत जायचे तर पेशीतूनच. पहिले दार सिलिका उताराने आत घेते, दुसरे ऊर्जा खर्चून तिला पलीकडे ढकलते. एकाच पेशीच्या दोन अंगांना दोन निराळी दारे! इतकी देखणी रचना मला वनस्पतिशास्त्रात दुसरीकडे आढळलेली नाही. याच दारांतून विषारी आर्सेनाइटही शिरते, हे २००८ मध्ये कळले.

ही दारे सापडण्याच्या कितीतरी आधी कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भात लागवडीच्या पहिल्याच सूत्रात तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायला सांगितली होती. राख काळी हवी. भडक जाळून पांढरी केली की तिच्यातली सिलिका सहजी विरघळत नाही. रोपे ताठ होतात, करपा कमी पडतो. सिलिकॉन आवश्यक अन्नद्रव्यांच्या यादीत नाही, मग हा खटाटोप कशाला, असे भर सभेत विचारणारे मी ऐकले आहेत. पिकाला नको असलेल्या द्रव्यासाठी मुळाने इतकी जय्यत तयारी ठेवली असती काय?

आज तळेगावच्या आसपास खाचरांवर भराव पडतो आहे, शेड उभ्या राहत आहेत. कॉलेजांतल्या प्रयोगशाळांची अवस्था त्याहून वाईट. ऱ्होइओच्या पानाची जांभळी साल काचपट्टीवर ठेवायची, मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि जांभळा रस भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होताना पाहायचा. साधे पाणी घातले की तो पुन्हा पसरतो. रससंकोचाचा हा प्रयोग पाच मिनिटांचा, तोही मुले आता मोबाइलवर पाहतात आणि पाठ करून परीक्षेला बसतात. ज्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने भाताची इंद्रायणी ही जात दिली, ते जवळच आहे. निदान या भागातल्या कॉलेजांनी तरी अकरावीच्या मुलांना एकदा खाचरात उतरवावे, भाताचे मूळ उपटून त्याचा आडवा छेद घ्यायला लावावा आणि सॅफ्रॅनिनने रंगवलेली अंतस्त्वचा ज्याच्या त्याच्या डोळ्यांनी पाहू द्यावी.