हैदराबाद ते दुबई विमान चार तासांचं, पण मुदखेडहून निघायचं कधी? तिकिटावरची वेळ अशी वाचा

मुदखेड : कामासाठी दुबईला जाणाऱ्या बऱ्याच जणांना हैदराबादचं विमान सोयीचं पडतं. मात्र तिकिटावरची तारीख आणि वेळ नीट कळली नाही तर विमान चुकतं, आणि उसनवारी करून काढलेल्या तिकिटाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून हा हिशोब आधीच समजून घेतलेला बरा.

अंतर किती?
हैदराबाद ते दुबई हवाई अंतर सुमारे 2,550 किलोमीटर आहे. मुंबईहून ते सुमारे 1,930 किलोमीटर, म्हणजे कमी आहे. पण मुदखेडहून मुंबईचा रेल्वे प्रवास रात्रभराचा, तर निजामाबादमार्गे सिकंदराबाद साधारण पाच-सहा तासांत येतं.

चार तास का लागतात?
विमान ताशी 800 ते 900 किलोमीटर वेगाने उडतं. त्या हिशोबाने तीन तास पुरायला हवेत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यातही वेळ जातो. शिवाय उंचावर वारं बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं. जाताना ते समोरून येतं, म्हणून चार तासांच्या आसपास लागतात. येताना तेच वारं पाठीमागून ढकलतं आणि साधारण अर्धा तास वाचतो.

घड्याळाचा घोळ
दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. भारताची वेळ 82.5 अंश रेखांशावर धरली आहे, दुबईची 60 अंशांवर. फरक 22.5 अंशांचा, म्हणजेच दीड तासाचा.

तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. सकाळी 10 ला हैदराबादहून निघालेलं विमान चार तासांनी उतरलं, तर आपल्याकडे दुपारचे 2 वाजलेले असतात, पण तिकिटावर 12:30 दिसतं. अडीच तासांत पोहोचतो, असा त्याचा अर्थ नाही.

परतीचं उलट. दुबईहून रात्री 10 ला निघून साडेतीन तासांनी उतरलेल्या माणसाला इथे पहाटेचे 3 वाजतात आणि तारीखही बदललेली असते. घ्यायला जाणाऱ्या घरच्यांनी तारीख पाहूनच गाडी ठरवावी.

सगळ्यात मोठी चूक
तिकिटावर '15 तारीख, 00:30' असेल तर विमान 14 तारखेच्या रात्री साडेबाराला सुटतं. म्हणजे 14 लाच संध्याकाळी विमानतळावर पोहोचायला हवं. 15 च्या रात्री गेलात तर विमान एक दिवस आधीच गेलेलं असतं.

मुदखेडहून कधी निघावं?
परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर असावं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही. सिकंदराबाद स्टेशनहून शमशाबादच्या विमानतळाला जायला तास-दीड तास धरा.

सकाळी 10 चं विमान असेल तर 7 ला विमानतळ गाठायचं, म्हणजे पहाटे 5 पर्यंत सिकंदराबाद सोडायचं. रेल्वे उशिरा धावली तर पंचाईत नको, म्हणून आदल्या दिवशी दुपारची किंवा संध्याकाळची गाडी धरलेली चांगली. रात्र स्टेशनवर काढावी लागली तरी चालेल, पण विमान हातचं जाऊ देऊ नका.