'पण लक्षात कोण घेतो' : एका नावाचा प्रवास

लहानपणी मला ही एक म्हणच वाटे. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल वर्तमानपत्रात कुणाचे पत्र आले, की त्यावर मथळा हाच. हुंड्याविरुद्ध बोलून वक्त्याने शेवटी सुस्कारा टाकला, की शब्द हेच. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते. त्यामुळे हे एका कादंबरीचे नाव आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले व त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू स्वतःची हकिकत सांगते : बालपण, लग्न, सुखाचे थोडे दिवस, पतीचा मृत्यू आणि मग जबरीने केलेले केशवपन. शीर्षकातला प्रश्न थेट वाचकाला विचारलेला आहे.

तो खड्ड्यांपर्यंत कसा पोचला? मला वाटते, याचे कारण पहिल्याच शब्दात आहे. 'पण'ने सुरू होणारे वाक्य अर्धे असते. आपट्यांनी त्याच्या आधी यमूचे आयुष्य ठेवले. आपण कोणतेही गाऱ्हाणे ठेवू शकतो. शब्दही रोजच्या बोलण्यातले. म्हणून ते पुस्तकाबाहेर सहज रुळले. मात्र वाटेत यमू गळाली आणि प्रश्नाचा सुस्कारा झाला. आता आपण हे शब्द उच्चारतो ते उत्तर मिळावे म्हणून नव्हे, विषय संपवावा म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला केशवपनाचा भाग वाचून दाखवला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आमच्यात केस न्हाई काढत. पर तुझा आजा गेला तवा बायांनी दगडावर बांगड्या फोडल्या माझ्या. मनगटातनं रगत आलं." हे तिने पूर्वी कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. 'करमणुकी'तल्या प्रश्नानंतर एकशे बत्तीस वर्षांनी! आजीला हे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग आपल्या गावात कवा?"

मित्रहो, मथळ्यासाठी हे नाव खुशाल वापरावे. पण एकदा ती कादंबरी वाचावी, आणि मग घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ थोडे बसावे.