आधी पकड, मग मशीन

तुरीचा हंगाम तोंडावर आला की लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये डाळमिलची कामं सुरू होतात. कुणाचं बेअरिंग हाऊसिंग झिजलेलं असतं, कुणाच्या शाफ्टचा की-वे रुंदावलेला असतो. नांदेडकडून जिनिंगचे भाग येतात. एका जातीचे शंभर नग क्वचित. बहुतेक वेळा एक नाहीतर दोन.

नवीन व्हीएमसी घेणारी पोरं विचारायला येतात : कंट्रोलर कोणता, स्पिंडल किती आरपीएमचं? मी उलट विचारतो, जॉब कशात धरणार?

वाइस जॉब धरून ठेवतो तो घर्षणाच्या जिवावर. दोन टनांनी आवळलं आणि स्टीलवर स्टीलचं घर्षण ०.१५ धरलं, तर दोन्ही जॉ मिळून जेमतेम सहाशे किलोचा ओढा झेलतात. तेल लागलं की तेवढाही भरवसा नाही. म्हणून कटरचा मुख्य जोर फिक्स जॉवर येईल, असाच जॉब लावावा.

स्वस्त वाइसचा खरा दोष आवळताना दिसतो. सरकता जॉ किंचित उचलतो आणि जॉबही पॅरललवरून वर येतो. तपासणी सोपी आहे. वाइस आवळा, तांब्याच्या हातोडीने जॉब ठोका आणि खालचे पॅरलल बोटाने हलवून बघा. हलले, तर जॉब अधांतरी आहे आणि उंचीचं माप चुकणार. चांगल्या वाइसमध्ये आवळण्याचा काही जोर तिरक्या पृष्ठभागावरून खालच्या दिशेने वळवलेला असतो. त्यामुळे जॉ पुढे सरकताना खालीही ओढला जातो. अमेरिकेतल्या कर्ट कंपनीचे वाइस याच रचनेमुळे नावाजले. पोरांना माझं सांगणं असतं, खरेदीला जाताना डायल सोबत न्या. वाइस टेबलावर बसवून फिक्स जॉवरून डायल फिरवा. १५० मिमीच्या लांबीत काटा ०.०१ मिमीपेक्षा जास्त हलायला नको.

दुरुस्तीचीच कामं असतील तर १५० मिमीचा, कठीण केलेल्या आणि ग्राइंड केलेल्या बेडचा एक वाइस पहिल्यांदा घ्या. शाफ्टसाठी व्ही-ब्लॉक हवेत. ओतीव हाऊसिंगचा तळ खडबडीत असतो, ते तीन टेकूंवर बसवा. तीन टेकूंवर कोणताही तळ डगमगत नाही, चौथा आला की हलतो. क्लॅम्प मात्र बरोबर टेकूच्या वरच लावा. मधे लावला तर हाऊसिंग वाकतं, आणि क्लॅम्प सोडल्यावर कातलेला सपाट भाग वाकडा निघतो. पातळ पट्टीचंही तसंच, गरजेपुरतंच आवळावं.

एकाच आकाराचे पन्नास नग आले, तर अॅल्युमिनियमचे सॉफ्ट जॉ लावून त्याच मशीनवर जॉबच्या आकाराची खाच पाडा. प्रत्येक नग मग आपोआप त्याच जागी बसतो. रोज शेकड्यांनी नग निघत असतील, तरच हायड्रॉलिक वाइसचा खर्च भरून निघतो.

लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिलं शेल तयार झालं. एवढा थोरला सांगाडाही जोडताना जिगमध्ये नीट धरला, तरच सरळ उतरतो. आपल्या गाळ्यातलं हाऊसिंग याला अपवाद नाही. म्हणून मशीनच्या कोटेशनवर सही करण्याआधी वाइस, पॅरलल आणि क्लॅम्पचे पैसे बाजूला काढा. कर्जाचा हप्ता मापात उतरलेल्या जॉबवरच फिटतो.