विशालकोनी भिंग आणि पर्वतांची वाट

मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा असून बारालाचा आणि तांगलांग या खिंडी ओलांडून तो सिंधूच्या खोऱ्यात उतरतो. रोहतांगच्या पोटातून जाणारा सुमारे ९ किलोमीटरांचा अटल बोगदा २०२० साली खुला झाला. तेव्हापासून कुलूच्या बाजूची हिरवी वनराई मागे टाकून लाहौलच्या रुक्ष डोंगरांत शिरण्यास काही मिनिटेच पुरतात. पुढे दृश्याचा विस्तार इतका वाढत जातो की, ते कॅमेऱ्याच्या चौकटीत मावणार नाही असे प्रवाशाला वाटू लागते व तो विशालकोनी भिंगाचा आश्रय घेतो. परंतु घरी परतल्यावर पुष्कळदा त्याची निराशा होते. ज्या शिखरांनी त्याला स्तिमित केलेले असते, ती चित्रात क्षितिजावरील ठेंगण्या रांगेसारखी दिसतात. याचे कारण भिंगाच्या गुणधर्मातच आहे.

भिंगाचे केंद्रांतर जितके कमी, तितका त्याचा दृश्यकोन मोठा. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या चौकटीत ५० मि.मी. केंद्रांतराचे सामान्य भिंग कर्णाच्या दिशेने सुमारे ४७ अंशांचे क्षेत्र सामावून घेते; ३५ मि.मी.चे भिंग ६३, २८ मि.मी.चे ७५, तर २४ मि.मी.चे ८४ अंशांचे. मात्र क्षेत्र वाढले की त्यातील प्रत्येक वस्तूची प्रतिमा त्याच प्रमाणात लहान होते. आपल्यापासून १० किलोमीटर दूर असलेले आणि आपल्याहून १,००० मीटर उंच असलेले शिखर घ्या. ५० मि.मी.च्या भिंगाने त्याची प्रतिमा ५ मि.मी. उंचीची पडते, २४ मि.मी.च्या भिंगाने ती जेमतेम २.४ मि.मी. भरते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा केवळ दहावा हिस्सा. याच भिंगासमोर एक मीटरवर पडलेला ३० सेंटिमीटर उंचीचा दगड मात्र ७ मि.मी.हून मोठा उमटतो. दगड पर्वताच्या तिप्पट होतो!

यावरून निवडीचे सूत्र हाती येते. विशालकोनी भिंग हे मुख्यतः जवळच्या वस्तूचे भिंग आहे. मोरे मैदानावरील चांगपा पशुपालकांचा याकच्या केसांचा तंबू, वाटेकडेच्या मणी भिंतीवरील कोरीव शिळा, खिंडीतील फडफडत्या पताका असे काही समीप असेल, तरच त्याचा उपयोग करावा. केवळ दूरची शिखरेच चित्राचा विषय असतील, तर ५० किंवा ८५ मि.मी.चे भिंग अधिक न्याय देते. जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट ठेवण्याचे सामर्थ्यही विशालकोनी भिंगात अधिक असते. २४ मि.मी.चे भिंग एफ ११ या छिद्रावर पावणेदोन मीटर अंतरावर स्थिर केले, तर सुमारे ९० सेंटिमीटरांपासून अनंतापर्यंतचे सारे पुरेसे रेखीव येते.

एकच विशालकोनी भिंग नेणे शक्य असेल, तर २८ किंवा २४ मि.मी.चे न्यावे. २० मि.मी.च्या भिंगाने कडेच्या आकृती फार ताणल्या जातात. लहान, म्हणजे साधारण २४ × १६ मि.मी.च्या संवेदकाचा अंकीय कॅमेरा असल्यास या आकड्यांना दीडने भागावे. तेथे २८चे काम सुमारे १८ मि.मी.चे भिंग करते. गोंपाचे चित्र घेताना कॅमेरा वर कलविल्यास भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा मागे सरून तो समतल धरणे बरे. वाऱ्याबरोबर धूळ उडत असताना उघड्यावर भिंग बदलू नये.

माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या भिंगाने व्यक्तीचे चित्र घ्यावयाचे म्हणजे तिच्यापासून दोन पावलांवर जाणे आले; दुरून, तिच्या नकळत ते साधत नाही. तेव्हा आधी बोलावे, अनुमती घ्यावी आणि चेहरा चौकटीच्या कडेला येऊ देऊ नये. थोडक्यात, वाहन थांबताच कॅमेरा शिखरांकडे रोखण्याऐवजी प्रवाशाने प्रथम खाली उतरून आपल्या पायांपाशी काय आहे ते पाहावे, आणि मगच भिंग निवडावे.